पाणी माणशी वाटा!



१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर डोंगरउताराची पडीक जमीन कसायला घेतली. उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याला पाझर तलाव, खाली विहीर. माळ पिकला. पण आम्हांला मोल आहे ते तिथून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचं. गावकऱ्यांनी गट करून बसायचं, पाटकरी आपणच नेमायचा. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर : माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हिस्सा. उसाला बंदी. (इथं काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या!) ज्याची विहीर त्याचं पाणी म्हटलं, तर कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यानं आभाळाकडंच बघत बसायचं काय?

जिल्हा बैठकीला येताना गावातली माणसं मोजून या. विहिरी मागाहून मोजू.