काठावरच्या मार्कांचे वकील

वकिली हा आपल्याकडे एके काळी पहिल्या पसंतीचा व्यवसाय होता. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळात वकिली करीत होते, त्या काळी घरातले सर्वांत हुशार पोरगे वकील व्हायचे. पुढे हुशार पोरे डॉक्टर-इंजिनियर झाली आणि ‘काहीच जमले नाही तर एलएल.बी. कर’ हा सल्ला घराघरांतून मिळू लागला. २०१६ साली राज्यात कायद्याच्या प्रवेशासाठी सीईटी आली आणि हा सल्लाही जुना झाला. आता वकील व्हायलाही परीक्षा द्यावी लागते म्हटल्यावर काठावर पास झालेल्यांच्या घरात काळजी शिरली.

आमच्या कळंबमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सगळे कळते असा गावाचा समज असतो, त्यामुळे लोक माझ्याकडे येतात. परवा एक कापूसवाले शेतकरी आले. “काका, पोरगा वकील होतो म्हन्ते. पन बी.ए.ले सत्तेचाळीस टक्केच हायेत, अन् सीईटीतबी निम्मेच मार्क पडले. अर्ज भराव का वर्षभर नागपूरले क्लासले पाठवाव?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात कर्ज आहे, पोराचे एक वर्ष आहे आणि घरातला अबोला आहे. म्हणून नियम नीट पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार कायद्याच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हा नुसता उंबरठा आहे. तो ओलांडला की सत्तेचाळीसवाला आणि सत्त्याहत्तरवाला एकाच रांगेत येतात, कारण रांग लागते ती सीईटीच्या गुणांवर. दोघांचे गुण सारखे निघाले तरच जुनी गुणपत्रिका बाहेर काढतात. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी आमची मुले भीतीने प्रश्न कोरे सोडून येतात. हे कुणी सांगत नाही याचे मला नवल वाटते.

निम्म्या गुणांवर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस मिळणे कठीण, हे स्पष्ट सांगायला हवे. पण यवतमाळचे अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, अमरावती आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कळंबहून वर्ध्याला रेल्वेही जाते. नागपूरला २०१६ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, मात्र तिथल्या पदवीची वाट क्लॅटमधून जाते. ती परीक्षा इंग्रजीत, तिथे चुकीला गुण कापतात आणि वर्षाचे शुल्क लाखांत. राज्याची सीईटी मराठीतही देता येते. हा फरक मोठा आहे. १९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. जिथे फेरफार, वाटणी, बांधाचे भांडण आणि वारसाचा दाखला एवढ्यावरच माणसाचे आयुष्य अडते, तिथे इंग्रजी उताऱ्यावर निवडलेला वकील अधिक चांगला ठरेल असे मानायला मी तयार नाही.

बँकेत असताना शेतजमीन गहाण घेण्यापूर्वी वकिलाचा सर्च रिपोर्ट मागवावा लागे. तीसेक वर्षांत असे शेकडो रिपोर्ट वाचले. काही सुबक टाईप केलेले, आत काही नाही. एका साध्या वकिलांनी मात्र जुन्या फेरफारातली एक नोंद शोधून काढली होती. सातबाऱ्यावरून एका बहिणीचे नाव गुपचूप उडाले होते. बँकेचे पैसे वाचले ते सोडा, त्या बाईचा हिस्सा वाचला. त्या वकिलांना बी.ए.ला किती मार्क होते, हे विचारावे असे कुणाला वाटले नाही.

आणि आता अमरावतीचेच उदाहरण घ्या. तिथल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले आणि अमरावतीतूनच कायद्याची पदवी घेतलेले भूषण गवई २०२५ च्या मे महिन्यात देशाचे सरन्यायाधीश झाले. म्हणून आपला पोरगाही होईल, असे मी त्या शेतकऱ्याला सांगितले नाही. कॉलेजचे नाव वकिलाची उंची ठरवीत नाही, एवढेच यातून दिसते.

कॉलेजांना मात्र मी मोकळे सोडणार नाही. वर्गात कुणी नाही, ग्रंथालयाला कुलूप आणि हजेरीपटावर शंभर टक्के, अशी महाविद्यालये राज्यात कमी नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बार कौन्सिलने नवी विधी महाविद्यालये काढायला तीन वर्षांची बंदी घातली, ती उगाच नाही. पदवीनंतर अखिल भारतीय वकिली परीक्षा द्यावी लागते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. प्रवेशाच्या वेळी जे झाकले जाते ते तिथे उघडे पडते. म्हणून क्लाससाठी वर्ष आणि पैसे घालवण्यापेक्षा पोराने यवतमाळला प्रवेश घ्यावा, रोज तासाला बसावे आणि सुट्टीत कोर्टात जाऊन बसावे, असे माझे मत पडले. पोराला नागपूर-मुंबईच्या कंपन्यांतच काम करायचे असते, तर सल्ला वेगळा दिला असता.

“पन खर्च?” त्यांनी विचारले. सनद काढायला पूर्वी कित्येक राज्यांत हजारोंनी मोजावे लागत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला.

पुढचे सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले. पोराला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे, आणि मे २०२५ च्या निकालाने त्यासाठी आधी तीन वर्षे वकिली करणे पुन्हा सक्तीचे झाले. ही तीन वर्षे ज्युनिअर म्हणून काढायची. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला महिना १५ हजार द्यावेत असे सुचवले, पण सुचवले म्हणजे बंधन नव्हे. तालुक्याच्या कोर्टात सीनिअरलाच अशिलाकडून दोनशे-पाचशेच्या नोटा मोजून घ्याव्या लागतात, तो ज्युनिअरला १५ हजार कुठून देणार?

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे यंदा कापसाले भाव पायजे.”