सहा दिवसांच्या कामाचे सोळाशे रुपये

थोडं मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा.

दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात मेबॅक आली की आपण सगळे मोबाईल वर करतो. मेबॅकच्या मूळ जर्मन कारखान्याने १९२१ ते १९४० एवढ्याच काळात गाड्या बनवल्या. इतकी जुनी गाडी आजही स्वतःच्या चाकांवर येते याचं कौतुक वाटतं, वाटायलाच पाहिजे. पण अशी कुठलीही गाडी चालू ठेवायला नक्की काय लागतं, हे आपण कधी विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मीही विचारलं नव्हतं.

आमच्या तालुक्यात एका डॉक्टरांकडे १९४८ ची एमजी टीसी आहे. वडिलांनी घेतलेली. दोन सीटची, उघड्या टपाची, इंग्लंडहून आलेली. १९४५ ते १९४९ या काळात अख्ख्या जगासाठी जेमतेम दहा हजार बनल्या. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या एमजीशी तिचं नातं नावापुरतं.

गाडीचं पाणी गळायला लागलं म्हणून डॉक्टरांनी ती जवळच्या गॅरेजला दिली. तिथल्या पोराने जुना गंजका बोल्ट काढला, बाजारातून आठ एमएमचा नवा आणला आणि जोर लावून आवळला. ब्लॉकमधले आटे गेले. साठ रुपयांचं काम हजारोंवर गेलं.

पोराची चूक होती, पण सगळी त्याची नव्हती. या इंजिनाची भानगडच तशी आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली. तिचा कारखाना १९२३ मध्ये मॉरिसने घेतला. मशिनरी फ्रेंच मापाची, म्हणजे आटे मेट्रिक. पण इंग्लंडातल्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थ मापाचे. मग त्यांनी आटे मेट्रिकच ठेवले आणि बोल्टचं डोकं इंग्लिश पान्याला बसेल असं केलं. एमजीच्या या इंजिनात तोच प्रकार उतरला. त्यातही आठ एमएमच्या बोल्टची पिच एकची, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो सव्वाचा. डोळ्याला फरक दिसत नाही. दोन-तीन वेढे बसतात, मग अडतो. तिथे जोर लावला की संपलं.

शेवटी गाडी गेली एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आयुष्य ऑइल इंजिन, लेथ आणि जुन्या गाड्यांत गेलंय. बघितल्या बघितल्या म्हणाले, "दादा, हा बोल्ट बाहेरनं इंग्लिश दिसतोय, आत फ्रेंच हाय."

गाडी काकांकडे तेवीस दिवस होती. प्रत्यक्ष काम सहा दिवसांचं. गेलेले आटे मोठ्या भोकाने काढायचे, आत स्लीव्ह बसवायची, तिला एक पिचचे आटे पाडायचे. ड्रिल सरळ जावं म्हणून आधी एक जिग बनवायचा. ब्लॉक ऐंशीच्या घरातला, ड्रिल जरा वाकडं गेलं तर दुसरा ब्लॉक आणायचा कुठून? म्हणून आधी भंगारातल्या तुकड्यावर दोनदा करून बघितलं. उरलेले दिवस गेले इंग्लंडहून बोल्ट यायची वाट बघण्यात.

इंग्लंडचे बोल्ट, कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून डॉक्टरांचे आठ हजारांच्या वर गेले. ते त्यांनी मुकाट्याने भरले. काकांनी मजुरी सांगितली चौदा हजार. तिथे मात्र डॉक्टर म्हणाले, "काका, एका बोल्टाचे चौदा हजार? काहीतरी कमी करा."

मी तिथेच होतो. डॉक्टर गेल्यावर काकांना हिशोब विचारला. ते सांगायला तयार नव्हते, मीच कागद काढला. हेल्परचे सहा दिवसांचे छत्तीसशे. टॅप, ड्रिल, स्लीव्हचा माल सतराशे. बाहेरच्या लेथवाल्याला अडीच हजार. गॅरेज एकच गाडी मावेल एवढं, भाडं महिन्याला सहा हजार, म्हणजे तेवीस दिवसांचे शेहेचाळीसशे. हातात राहिले सोळाशे. लाइट बिल धरलेलंच नाही. आणि डॉक्टर यातूनही कमी करा म्हणत होते.

यावर दोन गोष्टी तुम्ही म्हणाल, त्या आधीच बोलतो.

एक, परदेशी गाडी दिसली की दर तिप्पट करणारे मेकॅनिक असतात. खरंय. मलाही भेटलेत. मग हिशोब मागा, जुना पार्ट परत मागा, काम चालू असताना जाऊन उभे राहा. खरा कारागीर उलट आनंदाने दाखवतो. पण लुटणाऱ्याचा राग प्रामाणिक माणसाच्या मजुरीवर काढू नका.

दोन, ही श्रीमंतांची हौस, आपल्याला काय? तर ज्या हाताने एमजीचा ब्लॉक वाचवला तोच हात आपल्या भागातल्या जुन्या लेथचे, पिठाच्या गिरणीचे, विहिरीवरच्या इंजिनाचे पार्ट बनवतो. ज्याची कंपनी बंद पडली त्या प्रत्येक मशीनला शेवटी असा एखादा काकाच लागतो.

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार फी. चांगलं केलं. पण ती गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काय? शिकाऊ उमेदवार ठेवायचा तर कायद्याने आस्थापनेत किमान चार माणसं लागतात. काकांकडे ते स्वतः आणि एक हेल्पर. म्हणजे मोठ्या कंपनीला पोरगं शिकवायला सरकारची मदत मिळते, आणि ज्याच्याकडे खरं शिकण्यासारखं आहे त्याला नाही. ही अट अशा कारागिरांसाठी शिथिल करा. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना दोन वर्षांत निदान एक महिना अशा गॅरेजात बसवा. आमदार-खासदारांपैकी कोणी हे वाचत असेल तर यावर बोला.

काकांचा मुलगा पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आहे. मी विचारलं, इकडे का नाही येत? काका म्हणाले, "कशाला बोलवू? सोळाशेसाठी?"

आता माझी स्वतःची चूक. तीन वर्षांपूर्वी याच गाडीवर मी अर्ध्या पानाची बातमी केली होती. डॉक्टरांचा फोटो, गाडीचा फोटो, वडिलांच्या आठवणी. गाडी तेव्हाही काकांनीच चालू करून दिली होती. बातमीत त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. मला ते सुचलंच नाही.

डॉक्टरांना मी हिशोबाचा कागद दाखवला. चांगला माणूस आहे, दुसऱ्या दिवशी जाऊन पूर्ण चौदा हजार दिले, वर हेल्परलाही काही दिलं. पण प्रत्येक बिलामागे हिशोब मांडणारा पत्रकार उभा नसतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी असो, पंप असो, शिलाई मशीन असो, "एका बोल्टाचे एवढे?" म्हणण्याआधी विचारा, "काका, किती दिवस लागले?"