हजेरीपटावरील नाव

कामाच्या भवितव्याविषयी सांप्रत आपल्याकडे दोन पक्ष मोठ्या आवेशाने बोलत असतात. पहिल्याचे म्हणणे असे की, संगणकाने नोकरी घरपोच केल्यामुळे मराठवाड्यातील पदवीधराला पोटासाठी पुण्या-मुंबईस बिऱ्हाड हलविण्याचे प्रयोजन उरलेले नाही, आणि ज्या प्रादेशिक असमतोलाची मोजदाद दांडेकर समितीने १९८४ साली केली, तो आता तारेवरून आपोआप मिटेल. दुसऱ्याच्या मते छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतून यंत्रमानव येऊन बसले आहेत, ते माणसांना वेशीबाहेर काढल्याखेरीज थांबणार नाहीत. दोन्ही पक्ष यंत्राकडे पाहतात. करारनाम्याकडे कोणीच पाहत नाही.

भीतीचा पक्ष आधी घेऊ. छत्रपती संभाजीनगरात बसून स्वयंचलनाला भिण्यात थोडी मौज आहे, कारण या शहराने ते अठराव्या शतकातच पाहिले आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्या जोरावर जाते फिरविणारी पाणचक्की तेव्हाच उभी राहिली. जात्याच्या खुंट्याला माणसाचा हात लागत नव्हता, म्हणून कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही. कारण ते पीठ दर्ग्यातील फकिरांच्याच मुखी जात होते. पुढे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, तेव्हा गंगापूर-पैठणकडची शेतकऱ्यांची मुले यंत्रांपुढे उभी राहिली ती यंत्रांमुळेच. यंत्र आले की माणूस जातो, हे विधान या शहरात तरी सिद्ध होत नाही.

मात्र माणूस राहिला तरी त्याचे नाव राहतेच असे नाही, आणि खरी मेख येथे आहे. ज्या ठिकाणी वेल्डिंगचा यंत्रमानव बसविला आहे, तेथे क्षणभर थांबून पाहावे. लोखंडी भाग साच्यात नेमका बसविणारा, चिमटे आवळणारा, मागे सरून बटन दाबणारा आणि ठिणग्या थांबताच तयार भाग उचलून पुढचा लावणारा माणूस तेथे असतोच. फरक इतकाच की, आता चाल यंत्राची आणि पाय माणसाचे. आणि तो माणूस बहुधा कंपनीच्या हजेरीपटावर नसून ठेकेदाराच्या यादीत असतो. ठेकेदारी पद्धतीचे नियमन करून काही ठिकाणी ती बंद करण्यासाठी १९७० साली कायदा झाला. तरी कायम कामगाराशेजारी तेच काम निम्म्याशिम्म्या पगारावर करणारा तरुण उभा असल्याचे दृश्य औद्योगिक वसाहतीत नवलाचे राहिलेले नाही. ही करामत यंत्रमानवाची नव्हे. त्याला कोणाचे नाव खोडता येत नाही. ते काम अद्याप माणसेच करतात.

आता उत्साहाचा पक्ष. मार्च २०२० नंतर शहराच्या सिडको वसाहतीतील कितीतरी घरांत कचेरी आली हे खरे, आणि आईवडिलांजवळ राहून परगावची नोकरी करता येणे हे सुख आहे, ते मी नाकारीत नाही. परंतु कचेरीची खोली, वीज, खुर्ची, पंखा आणि शांतता हा खर्च मालकाच्या वहीतून निघून नोकरदाराच्या घरखर्चात केव्हा जमा झाला, याचा हिशेब कोणी मांडला? रात्री दहाला परदेशातील ग्राहकाशी बोलणाऱ्या सुनेला दिवसा ‘घरीच तर असतेस’ असे ऐकावे लागते. आणि ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे पाण्याच्या दिवशी कानाला यंत्र लावलेल्या अवस्थेतच तिला मोटार लावण्यास धावावे लागते. कामाची वेळ संपत नाही, कारण ती सुरू झाल्याचीच कोठे नोंद नसते.

शिवाय घरातून काम हे काही या शतकाचे अपत्य नव्हे. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथील स्त्रिया ठेकेदाराकडून पाने-तंबाखू आणून घरी विड्या वळीत आल्या. त्यांच्या बाबतीत १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून मान्यता दिली, आणि बाद ठरविलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणाऱ्या तंट्याचीही दखल घेतली. अंमल पुष्कळदा कागदावरच राहिला, हे कबूल. पण निरक्षर विडीवालीसाठी जे तत्त्व मान्य झाले, ते पदवीधर संगणकवालीने मागू नये, इतका तिला आपल्या पदवीचा अभिमान का वाटावा, हे कोडे आहे.

तेव्हा माझा पक्ष असा : काम घरी असो वा कारखान्यात, त्याची वेळ मुक्रर असावी, घरातील कचेरीचा खर्च मुशाहिऱ्यापासून वेगळा मिळावा, आणि यंत्र बसविताना त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला ते चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण कामाच्या वेळेत, भरपगारी द्यावे. कौशल्यविकासाची प्रमाणपत्रे वाटून हे साधत नाही. प्रमाणपत्र मुलाजवळ राहते आणि यंत्राचे गुपित पुरवठादाराच्या अभियंत्याजवळ.

यावर उत्तर ठरलेले आहे : असा हट्ट धराल तर उद्योग दुसरीकडे जाईल. जे काम केवळ स्वस्ताईपायी तारेवरून सिडकोत आले, ते त्याच तारेवरून मनिलाला जाणारच. त्याला धरून ठेवण्यासाठी आपण आणखी किती स्वस्त व्हायचे? शहराजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीचे तसे नाही. तेथे शेतकऱ्यांची जमीन संपादन करून, सार्वजनिक द्रव्यातून रस्ते, वीज, पाणी सिद्ध करून उद्योगांना भूखंड दिले जातात. त्या भूखंडाच्या करारनाम्यात किती नावे कायम हजेरीपटावर राहतील, हे एक कलम घालण्यास सांगितले, तर त्यात उद्योगद्रोह कोठे आला, हे कोणी तरी मला समजावून द्यावे.