उसनी झूल

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल चढते, शिंगांना बेगड लागते. दुसऱ्या दिवशी झूल पेटीत जाते आणि बैल औताला. पदवीदान समारंभ पाहून कारंजा तालुक्यातील कामरगावच्या शेतकऱ्याला हेच आठवले, तर त्याला अडाणी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. काळा झगा, त्यावर विद्याशाखेच्या रंगाची पट्टी, डोक्यावर चौकोनी टोपी! तासाभराचा थाट, मग झगा परत करायचा आणि नोकरीच्या रांगेत उभे राहायचे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले, आणि नियमांबरोबर झगाही बोटीतून उतरला. ज्या ऑक्सफर्डचे गोडवे गायले जातात, तेथे कॉलेजागणिक गळपट्ट्यांचे रंग आजही वेगळे आहेत. झग्याखाली श्रीमंत-गरीब सारखेच दिसतात, असे या परंपरेचे भाट सांगतात. इतिहासाची साक्ष नेमकी उलट आहे. तेथे उमरावपुत्राच्या टोपीला सोनेरी गोंडा असे. इतरांची चाकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलाचा झगा निराळा. कोणाची पायरी कोणती, हे कपड्यावरूनच कळे.

२०१० साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या समारंभात अंगावरचा झगा उतरविला. २०२४ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने आपल्या वैद्यकीय संस्थांना हा वेष टाकून देशी पोशाख ठरविण्यास सांगितले. उत्तमच झाले. पण झग्याच्या जागी उपरणे आले म्हणून बदलले काय? १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार कपड्याची नव्हती. रयतेच्या घामावर तिजोरी भरते आणि तिच्यातील शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, ही ती तक्रार. साहेबी झग्याचे भक्त आणि स्वदेशी उपरण्याचे पुरस्कर्ते, दोघेही तिला बगल देतात. खांद्यावर कोणता रंग, यावर तावातावाने बोलणारे हे लोक शुल्काचा विषय निघाला की गप्प!

कामरगावच्या परिसरातील मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते १९८३ साली अमरावतीत स्थापन झाले आणि आज संत गाडगेबाबांचे नाव मिरविते. बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या, हातात खराटा आणि गाडगे. घरची भांडी विका, पण पोरांना शिकवा, असे ते सांगत फिरले. झग्याच्या अनामतीसाठी भांडी विका, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही.

तेव्हा कोणत्याही विद्यापीठाने झगा, उपरणे वा समारंभ यांच्या नावाने पदवीधराकडून एक पैसाही घेऊ नये. पदवीपत्र त्याच्या गावच्या कॉलेजात, अंगावर असतील त्या कपड्यांत, त्याच्या आईबापांसमोर द्यावे. आणि कापूस वेचून शिकणाऱ्या मुलीची शिष्यवृत्ती वर्ष सरण्यापूर्वी तिच्या हाती पडावी.