डोके आपले, खंड दुसऱ्याला

टक्कल हा काय समाजवाद्यांनी लिहिण्याचा विषय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना केसांची चिंता करणे म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन होय, अशी आपल्या चळवळीतील अनेकांची समजूत आहे. ती मला मान्य नाही. केस उगवण्याच्या औषधाची जाहिरात कंत्राटी नोकरीवर दिवस काढणाऱ्या तरुणाच्या फोनवर उठल्यासुटल्या झळकते, आणि त्याचे पैसे दरमहा त्याच्या पगारातून वळते होतात. अशा मालाचा अर्थव्यवहार तपासणे हे आपलेच काम आहे.

प्रथम औषधाविषयी. मिनॉक्सिडिल ही भोंदूगिरी नव्हे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते तीव्र रक्तदाबावरील गोळी म्हणून तयार केले व १९७९ मध्ये त्याला तेथील औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि या अनपेक्षित परिणामातूनच डोक्याला लावण्याचा द्राव निघाला. तो १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी मान्य झाला. आनुवंशिक केसगळतीत केसांची मुळे आक्रसत जातात. हे औषध केसांच्या वाढीचा काळ लांबवते आणि बारीक झालेले केस काही प्रमाणात जाड करते. गुण दिसण्यास साधारण चार महिने लागतात, आरंभी केस उलट अधिक गळू शकतात आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही. मुख्य गोष्ट अशी की, गळतीचे मूळ कारण या औषधाने दूर होत नाही. लावणे थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले केस गळून पडतात.

सारे अर्थशास्त्र या शेवटच्या वाक्यात आहे. ग्राहकाला वाटते, आपण बाटली विकत घेतली. वस्तुतः तो स्वतःच्याच डोक्यावरील केसांचा खंड भरीत असतो. खंड चुकला की कूळ बेदखल! कूळकायद्याने कुळाला निदान जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी करून दिली; या कुळाला तीही वाट नाही. मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषधही जन्मभर घ्यावे लागते, हे खरे. परंतु तेथे डॉक्टर पहिल्याच दिवशी तसे सांगतो. येथे मात्र 'पाच महिन्यांत फरक पाहा' हे मोठ्या अक्षरांत असते आणि 'जन्मभर लावा' हे शोधावे लागते.

या औषधावरील मक्तेदारी अमेरिकेत १९९६ सालीच संपली व त्याच वर्षी ते तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले. मक्तेदारी गेली की स्पर्धा वाढून किंमत उतरावी, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. मग नफा टिकवायचा कसा? एक मार्ग संचाचा. स्वस्त द्रावाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या, शॅम्पू आणि तेल यांची जोड द्यायची आणि किंमत साऱ्या संचाची लावायची. ज्यांच्या शरीरात बायोटिनची कमतरता नाही, त्यांचे केस त्या गोळीने वाढतात याला भक्कम पुरावा नाही. तरीही ती संचात असतेच. दुसरा मार्ग वेष्टनाचा. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ५ टक्के मिनॉक्सिडिलचा तोच फेस स्त्रियांसाठीच्या वेष्टनात सुमारे ४० टक्के महाग आढळला. औषध तेच, खंड मात्र बाईला जास्त!

संचात आणखी औषधे मिसळली की धोकाही वाढतो. फिनॅस्टराइड मिसळून तयार केलेल्या द्रावांविषयी अमेरिकी औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला. लावणाऱ्याच्या कातडीवरून ते घरातील गर्भवती स्त्रीच्या अंगाला लागले, तर गर्भाला अपाय होण्याची भीती असते.

'ग्राहक सार्वभौम आहे. त्याला हवे ते तो घेतो,' असे बाजाराचे कैवारी म्हणतील. ज्या राजाला कराराच्या अटीच ठाऊक नाहीत, तो सार्वभौम कसला? वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. १९४५ च्या औषध नियमांतील नियम १०६ पाहावा. अनुसूची 'जे'मधील विकार आपण टाळतो वा बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाने करू नये, इतकेच नव्हे तर तशी कल्पनाही घेणाऱ्याच्या मनात उत्पन्न करू नये, असे तो सांगतो. त्या अनुसूचीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणेही आहे. मग डाव्या बाजूला टक्कल आणि उजव्या बाजूला दाट केस अशी छायाचित्रे कोणती कल्पना उत्पन्न करतात? औषध प्रशासनाने याचे उत्तर दिले पाहिजे.

आपल्यातील काही जण म्हणतील, टक्कल स्वीकारा, हा खोटा अभिमान सोडा. मुलाखतीत आणि विवाहाच्या बैठकीत ज्याच्या कपाळाकडे पाहिले जाते, त्याला हा उपदेश करणे सोपे आहे. लाज त्याने निर्माण केलेली नाही. बाजाराने ती वाढवली आणि तिच्यावर दुकान थाटले. ज्याला औषध लावायचे आहे त्याने अवश्य लावावे. आपली मागणी एवढीच असावी: हे औषध मूळ नावाने, संचाशिवाय आणि रास्त दरात मिळावे, प्रत्येक बाटलीवर मराठीत, ठळक अक्षरांत, 'थांबवल्यास गुण टिकत नाही' असे छापलेले असावे, आणि नियम १०६ मोडणाऱ्या जाहिरातींवर खटले भरले जावेत. पुढील वीस-तीस वर्षांचा खंड किती होतो, याचा हिशेब पहिली बाटली घेण्यापूर्वी मांडण्याचा हक्क त्या तरुणाला आहे.