टवाळांचा अड्डा म्हणे!

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे. "दोन दिवस थांबा, मग लिहा," असे सौ. म्हणाली. थांबलो. राग उतरला नाही, म्हणून बसलो टंकायला.

विषय स्नूकरचा आहे. हसू नका. आमच्या पुतण्याचा मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला असतो. रविवारची टेस्ट संपली की तो तासभर स्नूकर खेळायला जातो. हे कुणीतरी पाहिले आणि नातलगांच्या ग्रुपवर नांदेडपासून पुण्यापर्यंत आकांत सुरू झाला. "लेकरू हातचं गेलं." "टवाळांचा अड्डा आहे तो." "पैसे लावून खेळतात तिथं." यातल्या किती जणांनी स्नूकरची एक तरी फ्रेम पूर्ण पाहिली आहे? मी निवृत्तीनंतर टीव्हीवर बघता बघता या खेळाच्या नादी लागलो, म्हणून तोंड उघडतो.

अड्डा म्हणता ना, मग आधी तिथे काय चालते ते ऐका. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत. एक लाल पॉट केला की एक रंगीत, मग पुन्हा लाल. लालाचा एक गुण, काळ्याचे सात. प्रत्येक लालानंतर काळाच घेतला आणि शेवटी सहाही रंग क्रमाने घेतले, तर बेरीज होते १४७. म्हणजे सलग छत्तीस फटके, एकही चूक नाही! बरे, चेंडू नुसता पॉकेटमध्ये घालून भागत नाही. पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी कुठे थांबेल हे आधीच ठरवावे लागते. समोरचा खेळत असताना खुर्चीत गुमान बसायचे. पंचाच्या नजरेतून सुटलेला आपला फाउल आपणच सांगायचा, अशी रीत. एवढी शांतता मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत वर्गात मिळाली नाही.

खेळ परका म्हणावा तर तेही नाही. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो सुरू केला, असे मानतात. (हिटलरशी करार करणारा चेंबरलेन वेगळा. इतिहास शिकवल्याची खोड, जात नाही.) स्नूकरचा थोरला भाऊ बिलियर्ड्स. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात त्याचे हौशी जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळात मिळालेले ते पहिले जगज्जेते. किती क्रीडाशिक्षकांना हे नाव सांगता येईल? मुंबईच्या मायकल फरेरांनी तर १९८१ साली पद्मश्री नाकारली. गावसकरांना पद्मभूषण, मग मला का नाही, हा त्यांचा सवाल. पुष्कळांना तो उद्धटपणा वाटला. मला रास्त वाटतो. १९८३ साली सरकारने पद्मभूषण दिलेच की.

आता आदित्य मेहताचे ऐका, कारण "यात पुढे काय?" हा तुमचा लाडका प्रश्न. हा मुंबईचा मुलगा २००८ साली पहिल्यांदा व्यावसायिक झाला. जागा गेली, पुन्हा मिळवली. २०१३ साली कोलंबियात वर्ल्ड गेम्सचे सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी दिल्लीत, भारतात झालेल्या पहिल्याच रँकिंग स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली. तिथवर पोचलेला पहिला भारतीय! अंतिम सामना चीनच्या डिंग जुनहुईने ५-० असा जिंकला, पण उपांत्य फेरीत स्कॉटलंडचा स्टीफन मॅग्वायर आदित्यकडून हरला होता. २०१४ साली जर्मनीत त्याने ते वर सांगितलेले १४७ केले. व्यावसायिक स्पर्धेत हे करणारा पहिला भारतीय तोच. पुढे मान-खांद्याच्या दुखण्याने गाठले आणि व्यावसायिक खेळ सुटला. स्नूकरचा सगळा बाजार इंग्लंड आणि चीनमध्ये, त्यामुळे घरदार सोडून राहावे लागते ते वेगळेच. पंकज अडवाणीसारखा खेळाडूसुद्धा व्यावसायिक स्नूकरमध्ये दोन हंगाम काढून मायदेशी परतला.

म्हणजे वाट अवघड आहे, हे मी नाकारत नाही. पण ती आयर्लंडच्या पोराला कशी सापडली तेही बघा. केन डोहर्टी डब्लिनच्या रॅनला भागातला. गल्लीतल्या जेसन्स नावाच्या स्नूकर हॉलमध्ये शिकला. तुमच्या भाषेत अड्डाच तो! पुढे त्यालाही इंग्लंडला जावे लागले. १९९७ साली त्याने स्टीफन हेंड्रीला १८-१२ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले आणि गावाने त्याला डोक्यावर घेतले. २०२२ च्या जनगणनेत अख्ख्या आयर्लंड देशाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख. आपले नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मिळून २०११ सालीच ५८ लाख होते. पोरे आपल्याकडे कमी आहेत का?

काही ठिकाणी सिगारेटचा धूर असतो, पैजा लागतात. हे खरे आहे. पण चांगल्या घरचे कुणी जायचे नाही असे आपणच ठरवले, की तिथे उरणार कोण? आणि पोटापाण्याचे विचाराल तर नीटला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात, एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. तिथे "पुढे काय?" असे कुणी विचारत नाही. मलाही ते पोर डॉक्टर झालेले हवे आहे. पण सहा दिवस क्लास, सातव्या दिवशी टेस्ट आणि त्यानंतरचा एक तासही तुमचाच, हा कुठला लातूर पॅटर्न?

आपल्या जिल्हा क्रीडा संकुलांत दोन चांगली टेबले आणि शिकवणारा एक माणूस मिळावा, असे मी दोन्ही जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लिहिणार आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी कळवा. पुतण्यालाही फोन करून सांगितले, रविवारचा तास बंद करू नकोस. ज्यांना माझे पटले नसेल त्यांनी इथे खाली खुशाल झोडपावे, उत्तर देईन. ग्रुपवर त्या लेकराचे नाव घेऊन मात्र नको, तोही तो ग्रुप वाचतो.