माती गेली, युरिया टाका?

‘थोडी माती वाहून गेली तर काय बिघडलं? एक पोतं जास्त टाकू, पीक येतंच.’ पारावर आणि खताच्या दुकानाच्या ओट्यावर हे हमखास ऐकू येतं. वरवर हिशेब जुळतोही. एकरभर रानातून एक मिलिमीटर थर गेला, तर माती भरते साधारण पाच टन. त्यात नत्र धरा अडीच किलो. म्हणजे पाच-साडेपाच किलो युरिया. ४५ किलोचं पोतं सुमारे २६६ रुपयांना मिळतं, म्हणजे नुकसान अवघं तीस-पस्तीस रुपयांचं!

पण यात मोजलं काय, तर फक्त नत्र. पाणी माती सरसकट उचलत नाही. आधी जातो तो चिकणमातीचा बारीक कण आणि त्याला बिलगलेला सेंद्रिय कर्ब. मागे उरतात वाळू आणि खडे. ओल धरणारा आणि टाकलेलं खत मुळांपाशी टिकवणारा तोच कण. तो गेला की पुढच्या वर्षीचा युरियाही पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला लागतो. एकाच रानात, एकाच बियाण्याची, एकाच मात्रेची सोयाबीन पाहा. ऑगस्टात आठ दिवस उघडीप पडली की माथ्यावरची दुपारीच माना टाकते, खालच्या बांधालगतची तरारलेली असते. ही तूट कोणत्या पोत्याने भरणार?

‘धरणातला गाळ आणू’ हे दुसरं उत्तर. गाळ हलक्या रानाला तारतो, जरूर आणावा. पण १९८३ च्या अंदाजानुसार देशात हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टन माती धुपते. त्यातली जेमतेम दहा टक्के जलाशयांत साठते, २९ टक्के थेट समुद्रात जाते.

म्हणून माती रानातच अडवली पाहिजे. उतारावरून सरळ पेरलं की प्रत्येक काकरी पाण्याची नाली होते. आडवं पेरलं की तीच काकरी पाणी थोपवते. जोडीला बांधही हवेत. बांधांनी भारी काळी जमीन चिबडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. तिथे रुंद वरंबा-सरी घ्यावी. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या काळ्या जमिनीत १९७० च्या दशकापासून ती वापरून दाखवली आहे.

आडव्या पेरणीत वळणं वाढतात, म्हणून ट्रॅक्टरवाला जास्त भाडं मागतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मराठवाड्यात खरडून गेलेल्या जमिनींसाठी सरकारने मदत दिली, ते योग्यच झालं. पण दरसाल मिलिमीटरने झिजणाऱ्या रानाचा पंचनामा कोणी करत नाही. त्या रानाच्या शेतकऱ्याला निदान आडव्या पेरणीचं जादा भाडं तरी अनुदानातून मिळालं पाहिजे.